बिनआवाजाचं मशीन

“मॅडम, तुमच्या मागे पिठाची गिरणी आहे का?”

पुराणिकांनी फोनवर पहिलं वाक्य हेच टाकलं. नमस्कार नाही, कशा आहात नाही. पुण्यातल्या एका संस्थेसाठी मी तेव्हा पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचे. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी ती ऐकता यायची. मी जळगावात घरी बसून वाचायचे आणि फाईल पाठवायचे, पुराणिक तिकडे ती साफसूफ करायचे. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

“गिरणी नाही हो. कॉम्प्युटर आहे.”

“कॉम्प्युटर? मग त्यात दळता काय?”

“जळगाव आहे, मे महिना आहे. पंखे जोरात फिरतात त्याचे.”

“मॅडम, तुमचा आवाज चांगला आहे, उच्चार चांगले आहेत, म्हणून सांगतो. आमच्या संस्थेच्या बाई म्हणतात, जळगाववाल्यांचा नाद सोडा, पुण्यातच कोणीतरी बघू. मी त्यांना थोपवून धरलंय. पुढचं पुस्तक स्वच्छ आलं पाहिजे.”

पुढचं पुस्तक सहकारी संस्थांच्या कायद्याचं होतं. पण काम ते काम. लग्नाआधी मी रेडिओवर हंगामी निवेदिका होते, आणि ते सुटल्यापासून ‘तुझा आवाज चांगला आहे’ असं म्हणणारं माणूस मला पुराणिकांच्या रूपानं पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांना गमवायची माझी तयारी नव्हती.

कॉम्प्युटर माझ्या मावसभावाचा. त्यानं तो गेम खेळण्यासाठी बनवून घेतला होता आणि नोकरी लागल्यावर मला देऊन टाकला होता. पेटीसारखा उंच डबा, त्यात पुढे पंखा, मागे पंखा, बाजूला पंखा, आत आणखी दोन. सुरू केला की आधी घरघर, मग सूं सूं, आणि दुपारी बारानंतर विमान सुटायच्या बेतात असल्यासारखा आवाज. त्यातली हार्डडिस्क मधूनमधून उंदरानं कपाट कुरतडल्यासारखी कुरकुरायची, ते वेगळंच.

मी आधी सोपे उपाय करून पाहिले. डब्यावर गोधडी टाकली, तर ‘सभासदाचे हक्क व कर्तव्ये’ चालू असताना तो तापून बंद पडला. मग लांब वायरी आणून तो बाथरूममध्ये ठेवला. प्रफुल्ल, म्हणजे माझा नवरा, ऑफिसातून दमून आला आणि सवयीनं बादली घेऊन आत गेला. आतून ओरडला, “हर्षाली! हे इथं आंघोळीला बसलंय का?”

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि हॉल. एक खोली आमची, एक माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे नाना म्हणत. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून सगळी नोकरी झालेली. एका काठावर उभं राहून दुसऱ्या काठावरच्या माणसाशी बोलायची सवय, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. नानांनी दिवाणखान्यातून “चहा” म्हटलं की खालच्या मजल्यावर दूध तापत ठेवत.

सासूबाई जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून नाना आणि प्रफुल्ल एकमेकांशी गॅस, पेपर आणि पाण्याची टाकी एवढ्यावरच बोलत, आणि तेही शक्यतो माझ्यामार्फत. भांडण काही नव्हतं. नुसतं बोलणं आटलं होतं.

मी नवा, आवाज न करणारा कॉम्प्युटर बनवणार असं जेवताना जाहीर केलं, तर प्रफुल्ल म्हणाला, “बनव.” आणि नाना एकदम सावरून बसले.

“कायले?”

“आवाज होतो ना, नाना.”

“मंग होऊ दे. मशीन आहे, आवाज करणारच. पंप चालू असला तं कळाले नको?”

“पण रेकॉर्डिंगमध्ये येतो.”

“मले तं आवडतो. घरात कोणीतरी आहे असं वाटते.”

नानांनी माझ्या कामात एवढा रस याआधी कधी घेतला नव्हता. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण मी आमटी वाढली आणि विसरून गेले.

आठवडाभर मी इंटरनेटवर वाचत होते. जगात शांत कॉम्प्युटर बनवणाऱ्या वेड्यांची कमी नाही हे मला तेव्हा कळलं. कोणी स्क्रूखाली रबर लावत होतं, कोणी पंखा दोरीनं टांगत होतं. त्यातलं एक माझ्या डोक्यात पक्कं बसलं. छोटा पंखा भराभर फिरतो म्हणून ओरडतो, मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. आपल्या छताच्या पंख्याचंच उदाहरण घ्या ना.

ते मी मार्केटमधल्या अश्फाकभाईंना सांगायला गेले. त्यांच्या दुकानात लाल-निळे दिवे लुकलुकणारे डबे मांडलेले.

“भाभी, आवाज कमी म्हणजे पावर कमी,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक येऊन आधी आवाज ऐकतं. बुलेट घेताना बघत नाही का?”

“मला स्कूटरसुद्धा नको. सायकल पाहिजे.”

“मग कॅल्क्युलेटर घ्या.”

तरी त्यांनी मागवून दिलं. भल्याथोरल्या पंख्यांचा दणकट डबा, न फिरणारी म्हणून न कुरकुरणारी नवी डिस्क, सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा पॉवर सप्लाय, आणि प्रोसेसरवर बसवायचा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा, जो खोक्यातून काढल्यावर नानांनी हातात तोलून पाहिला आणि विचारलं, “यात इडल्या कशा काढतात?”

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून मी जोडणीला बसले. प्रफुल्ल समोर पेपर उघडून बसला होता, पण पान उलटत नव्हता. प्रोसेसर खाचेत ठेवून मी कडी दाबली, तेव्हा अशी करकर झाली की तो उठून उभाच राहिला.

“मोडलं?”

“असाच आवाज येतो. लिहिलंय तसं.”

“बिनआवाजाच्या मशीनला?”

मग मोहरीएवढी पेस्ट, तिच्यावर तो इडलीपात्रासारखा ठोकळा. त्याचे स्क्रू एका बाजूनं आवळले की दुसरी बाजू उचलायची. शेवटी प्रफुल्लनं पेपर टाकला आणि दोन्ही हातांनी ठोकळा दाबून धरला. पंख्यांच्या स्क्रूखाली लावायला रबर हवं होतं, ते मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून केलं. डब्याखाली हवा जावी म्हणून सुताराकडून लाकडाचं बुटकं स्टूल आणलं होतं. दुपारपर्यंत आतल्या सगळ्या वायरी बांधून झाल्या. मी बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. नाही. वायर पाहिली, सॉकेट पाहिलं, पुन्हा दाबलं.

“गेलं,” प्रफुल्ल म्हणाला.

“मी म्हटलंच होतं,” नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात मला थोडा आनंद ऐकू आला. “जुनाच लाव.”

मी रडायच्या बेतात होते. सगळं खोलायला बसले आणि सहज मागच्या बाजूला हात नेला, तर हाताला कोमट वारा लागला. आत वाकून पाहिलं. पंखे फिरत होते, अगदी निवांत, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे. मशीन पहिल्या वेळीच सुरू झालं होतं. मॉनिटरची वायर लावायची राहिली होती, आणि आवाज नाही म्हणून मी बटण दाबदाबून ते बंद-चालू करत होते.

प्रफुल्लनं डब्याला कान लावला. मग मला हात दाखवून गप्प केलं आणि पुन्हा लावला.

“काहीच नाही गं,” तो हळूच म्हणाला. देवळात बोलतात तसं.

नाना उठून त्यांच्या खोलीत गेले.

रेकॉर्डिंगसाठी मी आमच्या खोलीतलं कपाट वापरायचे. भिंतीत बसवलेलं मोठं कपाट, त्यात साड्या आणि कोट टांगलेले. कपड्यांच्या मध्ये माईक ठेवला आणि त्याच्याकडे तोंड करून वाचलं की आवाज घुमत नाही. त्या कपाटाला मागे भिंत नव्हती, नुसती प्लायवूडची फळी होती, आणि फळीच्या पलीकडे नानांची खोली. हे मला माहीत होतं, पण त्याचा विचार करण्याची वेळ तोवर आली नव्हती.

दुपारी प्रफुल्ल ऑफिसात, मी कूलर बंद करून, घाम पुसत, कानाला हेडफोन लावून कायदा वाचत बसले. पहिली दोन प्रकरणं पाठवली. दुसऱ्या दिवशी पुराणिकांचा फोन.

“मॅडम, कमाल केलीत. गिरणी गेली. एकदम स्वच्छ. आमच्या बाईसुद्धा खूश आहेत.”

मला हॉलमध्ये एक फेरी मारावीशी वाटली.

“फक्त...” ते थांबले. “मागे एक गृहस्थ आहेत.”

“कोण गृहस्थ?”

“ते मी कसं सांगणार? तुम्ही ‘सर्वसाधारण सभेची सूचना’ म्हणता आणि श्वास घेता ना, तेव्हा ते वांग्याच्या भरताबद्दल बोलतात. बारीक आहे. नुसत्या कानाला कळणार नाही. मी सवयीनं आवाज वाढवून तपासतो म्हणून सापडलं.”

“शेजाऱ्यांचा टीव्ही असेल.”

“टीव्हीवर एवढं मनापासून कोणी बोलत नाही, मॅडम. तुकडा पाठवतो, ऐका.”

ऐकला. माझ्या वाक्यांच्या मधल्या फटींतून एक माणूस अतिशय अदबीनं बोलत होता. “मला तुमच्या हातचं भरीत अजून आठवतं... नाही नाही, खोटी स्तुती मी करत नाही... आपण ‘आपण’ म्हणू नका मला, फार परकं वाटतं.” आवाज ओळखीचा होता, पण माणूस ओळखू येईना. असं शुद्ध, अर्जात लिहितात तसं बोलणारं आमच्या इमारतीत कोणीच नव्हतं. आणि मग तो माणूस खोकला. त्या खोकल्याच्या आधी येणारी ती ‘हर्रर्र’ मी रोज सकाळी ऐकत होते.

नाना! नाना ‘मला’ म्हणत होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांच्या तोंडून ‘मले’ सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. आणि हे त्यांचं हळू बोलणं होतं. जुन्या कॉम्प्युटरची घरघर सुरू झाली की सूनबाईला काही ऐकू जात नाही, या भरवशावर हे किती महिने चाललं असेल कोण जाणे. आता घरघर गेली होती, पण वाचताना मी हेडफोन लावते हे त्यांना माहीत असल्यानं त्यांचा भरवसा काही गेला नव्हता.

मी प्रफुल्लला काही बोलले नाही. काय बोलणार? त्याच्या आईच्या फोटोला तो रोज स्वतः हार घालायचा, मला घालू देत नसे.

पुराणिकांना म्हटलं, “सासरे आहेत माझे. मी पुन्हा वाचून देते.”

“कशाला? मी काढून टाकीन. दहा मिनिटांचं काम आहे.” मग घसा साफ करून म्हणाले, “तुम्ही पुढचं प्रकरण पाठवा.”

मी पाठवत राहिले आणि पुराणिक फोन करत राहिले. आधी ते ‘श’ आणि ‘ष’ बद्दल बोलत, मग सहज विचारल्यासारखं सांगत, “त्या बाई काल रागावलेल्या दिसतात. ते सारखं ‘चुकलं माझं’ म्हणत होते.” कधी, “त्या शिक्षिका असाव्यात. नद्यांबद्दल विचारत होते.” ऐकू यायची ती नानांचीच बाजू, पलीकडचं सगळं आम्ही दोघं मिळून जुळवायचो. हळूहळू कळलं ते असं. बाईंचं नाव प्रमिला वायकोळे. भुसावळला शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. नानांच्या पुतण्यासाठी त्यांच्या भाचीला पाहायला मंडळी गेली होती, तिथं भरीत झालं होतं. मुलामुलीचं काही जमलं नाही. नानांनी मात्र भरताबद्दल आभार मानायला म्हणून फोन केला होता.

मला राग यायला हवा होता का, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. मला एवढंच जाणवत होतं की दुपार झाली की मी लवकर लवकर भांडी आवरतेय.

एका शनिवारी पुराणिकांचा फोन आला, तो आवाज वेगळाच.

“मॅडम, त्या चालल्या.”

“कुठे?”

“नागपूरला, मुलीकडे. कायमच्या. सोमवारी. तुमचं सतरावं प्रकरण ऐका. ते म्हणतायत, रविवारी मुलाला सांगतो. असं त्यांनी चौदाव्या प्रकरणातही म्हटलंय आणि पंधराव्यातही. मॅडम, हा माणूस सांगणार नाही. मी गेला महिनाभर रोज ऐकतोय त्यांना.”

“मग मी काय करू?”

“ते मला काय माहीत? मी साउंडचा माणूस आहे,” ते चिडून म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी जेवताना नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी मुद्दाम भरीत केलं होतं. प्रफुल्ल भाकरी मोडत होता. नानांनी ताटाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, घसा साफ केला.

“प्रफुल्ल.”

प्रफुल्लनं मान वर केली. नानांनी त्याला सरळ हाक मारली याचंच त्याला नवल वाटलं असावं.

“काय नाना?”

माझा हात पळीवर थांबला.

“मी म्हणत होतो...” नाना पाणी प्यायले. “टाकी धुतली पाहिजे.”

“गेल्या महिन्यात धुतली.”

“हो का? मंग चांगलं झालं.”

आणि ते हात धुवायला उठले. ताटात भरीत तसंच होतं.

मला बसवेना. नाना खोलीत जाऊन पडल्यावर मी प्रफुल्लला आमच्या खोलीत नेलं आणि त्याच्या डोक्यावर हेडफोन ठेवले. “रेकॉर्डिंगमध्ये कोणाचा तरी आवाज येतोय. ऐक आणि सांग.” यापेक्षा शहाणपणाचं काही मला त्या क्षणी सुचलं नाही. पुराणिकांनी माझी सगळी वाक्यं काढून पलीकडचा आवाज मोठा केलेली फाईल पाठवली होती, तीच लावली. मला वाटलं, पहिल्याच वाक्याला तो ओळखेल आणि मग जे व्हायचं ते होईल.

तो हसायला लागला.

“कोण आहे गं हा मजनू? वरचे सोनार का?”

“ऐक तू.”

“‘तुमचा फोन आला नाही तर तो दिवस मोजावासाच वाटत नाही.’ वा! या वयात?” तो मजेत मांडी घालून बसला. “मुलाला सांगायला घाबरतोय म्हणे. अरे, सांगून टाक की बाबा. कोणाचं काय जातंय?” मग माझ्याकडे वळून, “मुलगा गाढव दिसतोय याचा.”

मला हसू येत होतं, पण हसता येत नव्हतं. कारण पुढे काय आहे ते मी ऐकलं होतं.

“मुलगा चांगला आहे हो,” फाईलमध्ये नाना म्हणत होते. “दोष त्याचा नाही. त्याची आई गेली तेव्हा तो रडला नाही. मीही रडलो नाही. दोघंही एकमेकांकडे बघून थांबलो. तेव्हापासून थांबलेलेच आहोत. आता मालतीचं नाव काढलं तर त्याला त्रास होईल म्हणून मी काढत नाही, आणि मी काढत नाही म्हणून त्याला वाटतं मी विसरलो. मी तिच्याबद्दल फक्त तुमच्याशी बोलतो. तुम्ही नागपूरला गेलात तर मी कोणाशी बोलू? ...नाही, सांगतो. रविवारी सांगतो प्रफुल्लला.”

प्रफुल्लची मांडी तशीच होती. चेहऱ्यावरचं हसू जायचं विसरलं होतं. फाईल संपली तरी त्यानं हेडफोन काढले नाहीत, आणि मशीन इतकं शांत होतं की ती संपल्याचं मलाही पडद्याकडे पाहूनच कळलं.

शेवटी ते उतरवून तो म्हणाला, “हे आणखी कोणी ऐकलंय?”

“पुण्यात एका माणसानं.”

“कोण?”

“पुराणिक. साफसफाई करतात ना, ते.”

“त्याचं काय म्हणणं?”

“लग्न व्हावं, असं.”

प्रफुल्लनं माझ्याकडे असं पाहिलं की आता ओरडणार असं मला वाटलं. पण तो उठला, चप्पल घालून खाली गेला. गॅलरीतून पाहिलं, तर उन्हात स्कूटरवर बसला होता. किल्लीसुद्धा लावली नव्हती. नुसता हँडल धरून बसला होता.

संध्याकाळी तो वर आला, तेव्हा नाना चहा पीत होते.

“नाना, उद्या सकाळी भुसावळला जायचंय. तयार राहा.”

“काय काम आहे?”

“मुलगी पाहायला.”

नानांनी कप खाली ठेवला. “कोणासाठी?”

“तुमच्यासाठी.”

नाना माझ्याकडे पाहायला लागले. मी साखरेच्या डब्याकडे पाहायला लागले.

“मले तं... तसं काही...”

“पत्ता आहे ना तुमच्याकडे?”

सदऱ्याच्या खिशावर हात ठेवत नाना म्हणाले, “आहे.”

प्रमिलाबाईंच्या हॉलमध्ये बांधलेल्या बॅगा होत्या. बाई ठेंगण्या, चष्म्याच्या, दार उघडल्यावर आम्हा तिघांना पाहून त्या वर्गात मुलं न सांगता घुसल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग “बसा” म्हणाल्या. आम्ही बसलो. वरपक्षाकडचा कर्ता माणूस म्हणून प्रफुल्लनं सुरुवात करायची होती आणि त्याला काही सुचत नव्हतं. आयुष्यात त्यानं मुलगी एकदाच पाहिली होती, ती मी. तेव्हा नानांनी जे विचारलं होतं तेच बहुधा त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

“स्वयंपाक येतो का?”

मी डोळे मिटून घेतले.

“मला येतो,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “तुमच्या वडिलांना येतो का?”

“चहा येतो,” नाना घाईनं म्हणाले.

“तो इथंच प्यायलेय मी. शिकवावा लागेल.” मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि प्रफुल्लकडे वळल्या. आवाज शिक्षिकेचा होता, पण पदराशी हात चाळा करत होता. “एक विचारते. खरं सांगा. यांनी स्वतःहून सांगितलं तुम्हाला? की कुठून कळलं म्हणून आलात? कारण त्यांच्यानं सांगवत नसेल तर मला नको. लपून राहायचं माझं वय नाही.”

नानांची मान खाली गेली. बॅगांवर नागपूरचा पत्ता चिकटवलेला होता, तो मला दिसत होता.

“सांगितलं त्यांनी,” प्रफुल्ल म्हणाला. “शब्दन् शब्द. मी नीट ऐकून घेतलं.”

त्या उठून आत गेल्या, आणि आतून कपबशा काढल्याचा आवाज आला.

पावसाळा संपल्यावर लग्न झालं, नोंदणी पद्धतीनं. पुराणिक बोलावल्याशिवाय पुण्याहून आले. लांबचे नातेवाईक असावेत असं समजून प्रत्येकानं त्यांना आग्रह केला, आणि त्यांनीही प्रत्येकाचा आग्रह मानून दोन वेळा जेवण केलं. नानांनी हात पुढे केला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आवाज छान आहे तुमचा.” संस्थेनं मला पुढे बरीच वर्षं काम दिलं.

पण लग्नापेक्षा मला आठवते ती त्या सोमवारची परतीची बस. नाना खिडकीशी, मध्ये प्रफुल्ल, कडेला मी. नानांनी स्टँडवर शेंगदाण्याची पुडी घेतली होती आणि ती न उघडता धरून बसले होते. नशिराबाद मागे पडलं तेव्हा बाहेर बघतच ते म्हणाले, “खोटं कायले बोलला तिथं?”

“खोटं कुठं बोललो? ऐकलंच मी.”

“कधी?”

प्रफुल्लनं माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहिलं.

काय ऐकलं, कसं ऐकलं, हे नाना विचारतील म्हणून मी मनात वाक्यं जुळवत होते. त्यांनी ते काहीच विचारलं नाही.

“तुझ्या आईचं बोललो, तेही ऐकलं?”

“हो.”

“बरं झालं,” नाना म्हणाले. “मले ते तुले सांगताच आलं नसतं.”

मग त्यांनी पुडी उघडली आणि प्रफुल्लचा हात ओढून सगळे दाणे त्याच्या ओंजळीत ओतले, स्वतःला एकही न ठेवता. प्रफुल्ल ते खाईना. दोन्ही हात भरलेले असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते, म्हणून शेवटी मीच पदर पुढे केला.